अंगणातला फ्लडलाइट कॅमेरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घराबाहेर लावायच्या, दिवा आणि कॅमेरा एकत्र असलेल्या स्मार्ट फ्लडलाइटबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेक पत्रांत "कॅमेरा बिघडला" असं लिहिलंय, पण खोट कॅमेऱ्यात क्वचितच आहे. ती बसवलेल्या जागेत, घरात येणाऱ्या विजेत किंवा आपल्याकडच्या उन्हात आहे. म्हणून नवा कॅमेरा घेण्याआधी ही उत्तरं वाचा.

प्रश्न (भुसावळ) : दिवाळीत कॅमेरा बसवला. थंडीभर कुत्रं फिरकलं तरी लाईट लागायची. एप्रिलपासून रात्री आठ-नऊच्या सुमारास माणूस फाटकातून थेट ओट्यापर्यंत येतो, तरी लागत नाही. दुपारी आणि पहाटे मात्र व्यवस्थित चालतो. दुकानदार म्हणतो सेन्सर गेला. खरंच गेला का?

गेलेला नाही. "दुपारी आणि पहाटे चालतो" असं तुम्ही लिहिलंत, उत्तर त्यातच आहे.

दिव्याखाली पांढरट प्लास्टिकचा जो अर्धगोल दिसतो, त्याच्या आत पीआयआर सेन्सर असतो. त्याला माणूस दिसत नाही, माणसाच्या अंगाची उष्णता जाणवते, आणि तीसुद्धा मागच्या भिंतीच्या किंवा जमिनीच्या उष्णतेपेक्षा वेगळी असेल तरच. माणसाचे कपडे आणि उघडी कातडी यांचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश असतं. डिसेंबरच्या रात्री अंगण १२-१५ अंशांवर असतं, त्यामुळे माणूस त्यात दिव्यासारखा उठून दिसतो. मे महिन्यात दुपारी फरशी ५० अंशांच्या वर तापलेली असते, तेव्हा माणूस तिच्यापेक्षा थंड असतो आणि फरक उलटा असला तरी सेन्सरला तो कळतो. पण दिवसभर तापलेली भिंत आणि फरशी संध्याकाळी हळूहळू निवत जाते, आणि आठ-नऊच्या सुमारास ती नेमकी माणसाच्या तापमानाला येऊन टेकते. तेवढ्या दीड-दोन तासांत सेन्सरच्या दृष्टीने अंगण आणि माणूस एकच. पहाटे जमीन निवली की तो पुन्हा चालू लागतो.

खात्री करायची तर एकाच दिवशी तीन वेळा, दुपारी तीन, रात्री साडेआठ आणि पहाटे पाच वाजता, फाटकापासून ओट्यापर्यंत त्याच वाटेने, त्याच चालीने चाला. फक्त रात्रीच चुकत असेल तर सेन्सर शाबूत आहे. तिन्ही वेळा चुकला, तरच सेन्सर किंवा सेटिंग संशयास्पद.

आता उपाय. ॲपमध्ये मोशन सेन्सिटिव्हिटी मार्च ते जून वरच्या टप्प्यावर ठेवा आणि पावसाळा लागला की खाली आणा. वर्षभर एकच आकडा आपल्याकडे चालत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये "पर्सन डिटेक्शन" असेल तर तेही चालू करा. ते उष्णतेवर नाही, चित्रावर चालतं, त्यामुळे उन्हाळ्यात तेच कामाला येतं. मात्र काही मॉडेलमध्ये आधी पीआयआर जागा झाल्यावरच चित्र तपासलं जातं, तिथे याचा फायदा होत नाही. वायरवर चालणाऱ्या बऱ्याच मॉडेलमध्ये "डिटेक्शन मोड" बदलता येतो, तिथे चित्रावर चालणारा पर्याय निवडा.

दुसरी चूक बसवण्यातली आहे. तुमच्याकडे माणूस फाटकातून सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येतो. त्या अर्धगोलावर बारीक भिंगं असतात आणि ती समोरच्या जागेच्या पंख्यासारख्या पट्ट्या पाडतात. माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की सेन्सरला हालचाल कळते. आडवा चालणारा माणूस चार पावलांत चार पट्ट्या ओलांडतो, सरळ अंगावर येणारा एकाच पट्टीत राहतो. कॅमेरा फाटकासमोरच्या भिंतीवरून काढून बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून अडीच ते तीन मीटर उंचीवर लावा. सेन्सर थोडा खाली वळवा, म्हणजे त्याला समोरची तापलेली भिंत किंवा पत्रा न दिसता जमीन दिसेल. चार मीटरवर चढवलेला कॅमेरा चोराच्या हाताला लागत नाही हे खरं, पण तिथून त्याला जवळचं काही कळतही नाही.

आपल्या घरांत संध्याकाळी अंगणात सडा मारायची रीत आहे, तीही इथे उपयोगी पडते. फरशीवर पाणी पडलं की ती काही अंशांनी निवते आणि हरवलेला फरक परत येतो. बादलीभर पाणी पुरतं. फक्त नळी कॅमेऱ्यावर धरू नका.

प्रश्न (जळगाव) : दुपारी दोन ते पाच कॅमेरा ऑफलाइन दाखवतो, सहानंतर आपोआप चालू होतो. वाय-फाय ठीक आहे.

पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याखाली लावलेला असणार. कॅमेऱ्याच्या खोक्यावर चालण्याचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, बहुतेकांवर ४५ किंवा ५० अंश. ते सावलीतल्या हवेचं मानायचं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या घरात जाते, वर काळ्या रंगाच्या डब्यावर थेट ऊन. आतला भाग त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि कॅमेरा स्वतःला वाचवायला बंद होतो. तो पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर, छज्जाखाली घ्या. ते शक्य नसेल तर वर नऊ-दहा इंचांची पांढरी पत्र्याची टोपी करून घ्या. टोपी आणि कॅमेरा यांच्यात दोन इंच हवा खेळती हवी, कॅमेऱ्याला चिकटवलेली टोपी उलट तापवते. रात्रीही दिव्याची उष्णता त्याच डब्यात साठते, म्हणून उन्हाळ्यात प्रकाश ६०-७० टक्क्यांवर आणि दिवा लागून राहायची वेळ पाच मिनिटांऐवजी तीस सेकंदांवर आणा. रोज तापून बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आधी जातं, मग बाकीचं.

प्रश्न (पारोळा) : लाईट जाऊन आली की कॅमेरा पुन्हा वाय-फाय धरत नाही. दर वेळी रिसेट करून पहिल्यापासून जोडावा लागतो. संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं, त्याचा संबंध आहे का?

रिसेट करणं आधी थांबवा. रिसेटमुळे वाय-फायचा पासवर्ड, हालचालीचे पट्टे (चित्रातल्या कोणत्या भागातली हालचाल टिपायची ते ॲपमध्ये आखलेलं), वेळापत्रक सगळं पुसलं जातं, आणि मूळ अडचण तशीच राहते.

लाईट आली की कॅमेरा अर्ध्या-एक मिनिटात जागा होतो. फायबरचा डबा आणि राउटर यांना दोन ते चार मिनिटं लागतात. कॅमेरा वाय-फाय शोधतो, सापडत नाही, आणि काही मॉडेल दोन-चार प्रयत्नांनंतर गप्प बसतात. अशा वेळी पाच मिनिटं थांबा. तरी जोडला नाही तर कॅमेऱ्याचं भिंतीवरचं बटण बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा. दहापैकी नऊ वेळा एवढ्यावर काम होतं.

कायमचा उपाय म्हणजे राउटरला छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी तो चालू ठेवणारी बॅटरी. घेण्याआधी राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण एखादा ९ किंवा ५ व्होल्टचा निघतो आणि चुकीची पिन लावली की तो डबा जळतो. यूपीएस दोन्हींना लागतो. फक्त राउटर चालू राहिला आणि फायबरचा डबा बंद पडला तर वाय-फाय दिसतं, इंटरनेट नसतं. शिवाय राउटरच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्यासाठी आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्या पत्त्याचा घोळ होत नाही.

व्होल्टेजचं विचारलंत ते बरं केलंत. अशा दिव्यांवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी १७० व्होल्ट आलं तरी कॅमेरा चालायला हवा. तो झपके मारत असेल तर दिवा पूर्ण पेटलेला असताना कॅमेऱ्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटरने मोजा आणि मग मेन बोर्डावर मोजा. दोन्हींत पाच-सात व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर घराच्या अंतराला पुरते.

खरा धोका कमी व्होल्टेजचा नाही, न्यूट्रल सुटण्याचा आहे. खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल सैल झाला की एखाद्या घरात ३०० च्या वर व्होल्टेज जातं आणि साधा एमसीबी त्यासाठी पडत नाही. टीव्ही, फ्रिज आणि कॅमेरा एकाच संध्याकाळी जातात ते असे. मेन बोर्डावर कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर लावा. वरची मर्यादा २६५-२७० ठेवा. खालची मात्र १५० ठेवा, १८० ठेवलीत तर तुमच्या भागात रोज संध्याकाळी घर अंधारात जाईल.

प्रश्न (अमळनेर) : मुलगा पुण्याला असतो. त्याने कॅमेरा पाठवला. वायरमनने बसवला, पण फोनवरून जोडताना क्यूआर कोड दाखवूनही "कनेक्शन फेल्ड" येतं. राउटर नवा आहे.

ताई, राउटर नवा आहे म्हणूनच हे होतंय. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वाय-फाय एकाच नावाने पाठवतात, आणि असे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ धरतात. इंटरनेटवाल्याला फोन करून दोन्हींना वेगळी नावं द्यायला सांगा, आणि २.४ ची सुरक्षा "डब्ल्यूपीए २" ठेवायला सांगा, कारण "डब्ल्यूपीए ३" काही कॅमेऱ्यांना समजत नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक. मग फोन त्याच २.४ च्या नावाला जोडा, मोबाइल डेटा बंद करा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या. पासवर्ड टाकताना शेवटी चुकून स्पेस पडली नाही ना, तेवढं बघा. क्यूआर कोड भिंगापासून वीतभर अंतरावर, फोनचा उजेड पूर्ण करून, स्थिर धरा. भर उन्हात फोनची काच चमकते आणि कोड वाचला जात नाही, म्हणून हे काम संध्याकाळी करा.

जोडला गेला, पण चित्र अडकत चालतंय असं झालं, तर ॲपमध्ये सिग्नलचा आकडा बघा. उणे ६० किंवा त्याहून चांगला म्हणजे उत्तम, उणे ७० च्या पलीकडे गेला की अडचण. जुन्या धाब्याच्या घरात मातीची दीड-दोन फूट जाड भिंत असते, एक भिंत आडवी आली तरी सिग्नल गळतो. राउटर खिडकीजवळ सरकवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

प्रश्न (शहादा) : गेल्या पावसाळ्यात दोनदा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारं बटण) पडला. कॅमेऱ्याच्या काचेवर आतून धुकं धरतं. खोक्यावर तर आयपी ६५ लिहिलंय.

आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा सहन होईल. पण हा आकडा कॅमेऱ्याच्या डब्याचा आहे. त्यामागे वायरमनने जो जंक्शन बॉक्स लावला आणि ज्या भोकातून वायर आत घेतली, त्याची हमी खोक्यावर नसते. पाणी तिथूनच येतं.

मेन बंद करून तो बॉक्स उघडा. बहुधा असं दिसेल: तळाशी मुंग्यांनी आणलेली माती, कोपऱ्यात पालीची विष्ठा, आणि टेप गुंडाळलेला जोड सोडला की आतलं तांबं हिरवट पडलेलं. त्या हिरव्या थरात ओल मुरते, आणि त्याच वाटेने वीज अर्थिंगकडे झिरपते. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी ते ओळखून पडतो. तो बरोबर काम करतोय, त्याला बायपास करू नका. ओल्या भिंतीला हात लागला की जीव त्याच्यामुळेच वाचतो.

दोष दिव्यात की वायरीत, हे असं शोधा. मेन बंद असताना दिव्याच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी सोडा. फक्त फेज सोडून चालत नाही, न्यूट्रल अर्थिंगला टेकला असला तरी ईएलसीबी पडतो. टोकं वेगवेगळी झाकून मेन चालू करा. ईएलसीबी टिकला तर दोष दिव्यात, तरीही पडला तर वायरीत. नुसत्या टेस्टरवर भरवसा ठेवून जोडांना हात लावू नका. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असं दोन्हीकडे मल्टिमीटरने शून्य दिसलं, की मगच काम.

दुरुस्ती अशी: हिरवं झालेलं टोक कापून नवं तांबं उघडा. टेपऐवजी दाबून बसणारे कनेक्टर वापरा. वायर बॉक्समध्ये वरून नको, खालून घ्या, आणि तिथे तिच्या जाडीला बसणारा रबरी ग्लँड लावा. आत शिरण्याआधी वायरीला खाली झोल सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, आत जाणार नाही. बॉक्स भिंतीला जिथे टेकतो तिथे वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन भरा, खालची कड मात्र उघडी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत गेलेलं पाणी आणि दमट हवा कोंडून राहते, आणि त्यातून बॉक्समध्ये पाणी साचतं. गिट्टी (भिंतीच्या भोकातला स्क्रूचा प्लग) आणि स्क्रू एकदा हलवून बघा. धाब्याच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीत गिट्टी सैल होते, वारा सुटला की दिवा डुलतो आणि गॅसकेट (पाणी अडवणारी रबरी पट्टी) उघडं पडतं.

काचेवरचं धुकं सकाळच्या उन्हात तासाभरात गेलं आणि पुन्हा आलं नाही तर काळजी नाही. रोज सकाळी येत असेल तर सील फुटलेलं आहे. वॉरंटी असेल तर डबा उघडू नका, फोटो काढून कंपनीकडे पाठवा. वॉरंटी संपलेली असेल तर मागचं झाकण उघडून दोन दिवस सावलीत, कोरड्या खोलीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि गॅसकेट बदला. हेअर ड्रायरची गरम हवा भिंगाचा डिंक सोडवते, ती मारू नका.

याच वायरमनच्या कामातली आणखी एक चूक तपासा. बटण बंद असतानाही दिवा रात्री मिणमिणत असेल तर बटण बहुधा फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेलं आहे. तसं असेल तर बटण बंद करूनही दिव्यात वीज असते. ते आधी सरळ करून घ्या.

प्रश्न (सावदा) : रात्रीचं चित्र दुधी दिसतं आणि रात्रभर शंभर-दीडशे नोटिफिकेशन येतात. बघावं तर कोणीच नसतं.

कोळ्याचं जाळं. भिंगाजवळच्या इन्फ्रारेड दिव्यांची ऊब त्याला आवडते, दिव्याच्या उजेडाने किडे येतात, आणि जाळ्याचा एक धागा भिंगापुढे हलला तरी चित्रात पांढरा पट्टा नाचतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, मग ओल्या कापडाने पुसा. उलट केलंत तर वावटळीची माती काचेवर चरे पाडते. थिनर किंवा पेट्रोल नको, पीआयआरचं प्लास्टिक त्याने खराब होतं. दर पंधरा दिवसांनी हे करा. पहिला पाऊस पडल्यावर महिनाभर किडे फार असतात, तेवढे दिवस रंग बदलता येत असेल तर पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड निवडा, त्याकडे किडे कमी येतात.

जाळं नसूनही चित्र दुधी असेल तर जवळची चुना मारलेली भिंत किंवा छज्जाची कड इन्फ्रारेड उजेड परतवते आहे. कॅमेरा थोडा पुढे किंवा खाली वळवा. चित्रात आडव्या पट्ट्या वर सरकत असतील तर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचं ५० हर्ट्झ करा, आपली वीज ५० ची आहे.

प्रश्न (चोपडा) : केळीच्या बागेत विहिरीवर मोटर आणि केबल आहे. केबलचोरीचा त्रास आहे. घरचाच कॅमेरा तिथे लावला तर चालेल का? शेतीची लाईन आठच तास असते, तीही कधी दिवसा, कधी रात्री.

चालणार नाही, दादा. आठ तासांच्या लाईनीवर लावलेला कॅमेरा सोळा तास आंधळा राहतो, आणि केबल चोरणारा लाईन कधी बंद असते हे बघूनच येतो. तिथे सिम कार्डवर चालणारा फोर-जी कॅमेरा आणि सोलर हवा.

हिशेब असा. सतत चालणारा फोर-जी कॅमेरा साधारण ६ वॅट खातो, दिवसाचे १४४ वॅट-तास. २० वॅटचा दिवा रात्रभरात मिळून एक तास पेटला तर आणखी २०. म्हणजे १६५ धरा. १०० वॅटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला तीनशेच्या आसपास देतं, पण आषाढ-श्रावणात ढग धरले की दीडशेच्या खाली येतं. म्हणून १०० वॅटच्या खाली जाऊ नका. बॅटरी १२ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-तास), लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. ती भरलेली असेल तर तीन दिवस ओढते. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २१ अंश कलात लावा आणि आठवड्याला पाण्याने धुवा. केळीचं पान मोठं झालं की सावली पडते, म्हणून खांब पानांच्या वर काढा. बॅटरीचा डबा मात्र सावलीत हवा, उन्हात ती लवकर मरते.

डेटा फार लागत नाही. १ मेगाबिटच्या वेगाने तासाला ४५० एमबी जातो. दिवसाला पंधरा सेकंदांच्या चाळीस चित्रफिती म्हणजे दहा मिनिटं, ७५ एमबी. तुम्ही अर्धा तास थेट बघितलंत तर आणखी २२५. बाकी सगळं कार्डावर साठू द्या. १२८ जीबीचं कार्ड दीड मेगाबिटच्या सततच्या रेकॉर्डिंगला आठवडाभर पुरतं. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलंच घ्या आणि ते फोनमध्ये नाही, कॅमेऱ्याच्या ॲपमधून फॉरमॅट करा. सिम घेण्याआधी विहिरीच्या कठड्यावर उभं राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते दोन-तीन फोनवर बघा.

केळीची पानं वाऱ्यावर हलली की चित्र बघून चालणारा कॅमेरा रात्रभर ओरडतो. ॲपमध्ये हालचालीचा पट्टा फक्त विहिरीचा कठडा, स्टार्टरची पेटी आणि केबल जिथून वर येते तेवढाच आखा. बागेचा भाग त्यातून वगळा.

प्रश्न (धुळे) : नोटिफिकेशन दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते.

कॅमेऱ्याचा दोष नाही, फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा, "ऑटोस्टार्ट" चालू करा आणि "अलीकडची ॲप्स" मधून त्याला झटकून टाकू नका. तरी उशीर झाला तर कॅमेऱ्याजवळ उभं राहून स्पीड टेस्ट करा. अपलोड २ मेगाबिटच्या खाली असेल तर चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा.

प्रश्न (शिरपूर) : शेजारचे काका म्हणतात, तुमचा दिवा आमच्या खिडकीत लागतो आणि कॅमेरा आमच्या ओट्यावर आहे. काय करावं?

काकांचं म्हणणं खरं आहे. ॲपमध्ये "प्रायव्हसी झोन" असतो, त्याने त्यांचा ओटा आणि खिडकी काळी करा आणि ते चित्र त्यांना फोनवर दाखवा. दिव्याची दोन्ही डोकी तुमच्या अंगणाकडे, जमिनीशी ४५ अंशांत खाली वळवा. रस्त्याचा भाग हालचालीच्या पट्ट्यातून काढा, म्हणजे बाहेरून गाडी गेली की दिवा लागणार नाही. रात्री अकरानंतर प्रकाश अर्ध्यावर येईल असं वेळापत्रक लावा.